सरस, फेविकॉल, अ‍ॅराल्डाइट: तुटलेल्या लाकडाला नेमकं काय लावायचं? (निमित्त तान्ह्या पोळ्याचा नंदी)

महालातला

नमस्कार मंडळी. तान्हा पोळा तीन आठवड्यांवर आला आहे आणि आमच्या नंदीचा उजवा पुढचा पाय माझ्या टेबलावर पडलेला आहे.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवून ओढत नेतात, घरोघर जातात, लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. नागपुरात ही पद्धत भोसल्यांच्या काळापासूनची. आमच्या घरचा नंदी आजोबांनी वडिलांच्या जन्माच्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, गल्लीतल्या सुताराकडून करून घेतला. शिवणीचं लाकूड, पाऊण हात उंची. धड एका ठोकळ्यातलं, चारही पाय वेगळे घडवून टोकाला कुसू (भोकात शिरणारा बारीक भाग) काढून धडाच्या भोकात बसवलेले, खाली चाकांची फळी. वडिलांनी ओढला, मी ओढला, आता पुतणी ओढते.

मागच्या वर्षी हा पाय निघाला. मी आधी झटपट चिकटणारा नळीतला गोंद लावला. दोन दिवस टिकला. मग डब्यातला पांढरा गोंद भरपूर लावून रात्रभर ठेवला. सकाळी पुतणीने दोरी ओढली आणि फळी पुढे गेली, पाय मागे राहिला. शेजारच्या मिस्त्रींचं म्हणणं, एम-सील भरा आणि विसरून जा. सीताबर्डीच्या दुकानात गेलो तर समोर सहा डबे आले: साधा, वॉटरप्रूफ, सनमाइकाचा पिवळा, दोन नळ्यांचा, आणखी कुठले कुठले. रिकाम्या हाताने परतलो.

या सगळ्यांत फरक काय, आणि पूर्वी हे डबे नव्हते तेव्हा लोक काय लावत होते, हे कुणी नीट सांगेल का? घाई आहे, पण या नंदीवर चौथा प्रयोग मला करायचा नाही.

---

रंधा_पटाशी

दादा, गोंद नंतर. आधी सांगा, त्या कुसवावर आत्ता काय काय लागलेलं आहे?

तुमच्याच लिहिण्यावरून तीन थर दिसतात. मूळचा, त्यावर नळीतला, त्यावर पांढरा. तुमचा पांढरा गोंद लाकडाला लागलाच नाही, तो नळीतल्या गोंदाच्या काचेसारख्या थराला लागला. मग तो टिकणार कशाला? लकडगंजात तीस वर्षं काम करतो आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खुर्च्यांपैकी बहुतेक आधी कुणीतरी घरी चिकटवलेल्या असतात आणि माझा अर्धा दिवस खरवडण्यात जातो. चिकटवायला दहा मिनिटं पुरतात.

लाकडाचा गोंद लाकडात शिरायला हवा. लाकडाची तोंडं उघडी हवीत, नुकती रंधलेली किंवा पटाशीने खरवडलेली. दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट बसायला हव्यात. हे दोन जमले तर साध्या पांढऱ्या गोंदाचा जोडही लाकडापेक्षा मजबूत होतो. लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) बाजूने जोडलेल्या दोन फळ्या सुकल्यावर हातोडीने फोडून बघा, फुटेल ती गोंदाच्या शेजारची फळी. मात्र फळीचं आडवं कापलेलं टोक दुसऱ्या फळीला नुसतं चिकटवलं तर कुठलाच गोंद धरत नाही. त्या टोकाच्या नळ्या गोंद पिऊन टाकतात. कुसू आणि भोक असतं ते त्यासाठीच. कुसवाच्या बाजू भोकाच्या भिंतींना लागतात, टोकावर भार येत नाही.

आता १९५८ ची गोष्ट. आपण सगळ्याच पांढऱ्या गोंदाला फेविकॉल म्हणतो, पण फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधी सुताराच्या हातात असायचा सरस, गरम करून लावायचा जुना गोंद. तुमच्या नंदीच्या पायात सरसच असणार. तरी तपासून घ्या. बाकीच्या तीन पायांपैकी एखाद्याच्या सांध्याबाहेर जुना गोंद आलेला असेल, तिथे गरम पाण्याचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी बोट लावा. तपकिरी, काचेसारखं असेल आणि चिकट होऊन चामड्यासारखा वास आला तर सरस. पांढरट होऊन रबरासारखं मऊ पडलं तर पांढरा गोंद. काहीच झालं नाही तर नळ्यांपैकी काहीतरी.

थेंबाचं काय झालं ते कळवा, मग पुढचं सांगतो.

---

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे डब्यांच्या आत काय आहे ते सांगतो.

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांच्या हाती हे रसायन लागलं. डब्यात त्याचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. लाकूड पाणी शोषून घेतं, कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि अखंड पापुद्रा तयार होतो. त्यासाठी थोडी ऊब लागते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर उतरतो, तेव्हा थंड लाकडावर गोंद लावला तर कण नीट मिसळत नाहीत. सांधा उघडल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी दिसली तर गोंद खराब निघाला असं आपण समजतो, प्रत्यक्षात थंडी नडलेली असते. मे महिन्यात उलटी गंमत. ४५ अंशांत गोंद पसरवून दुसरी फळी आणेपर्यंत वर साय धरते आणि साय आली की ओलावा पलीकडच्या लाकडात जात नाही. उन्हाळ्यात चिकटवण्याचं काम सकाळी सातला उरकावं.

पाणी सोसण्याच्या दृष्टीने पांढऱ्या गोंदाचेही प्रकार आहेत. युरोपात त्यांना डी१ ते डी४ अशा पायऱ्या लावतात. डी१ फक्त कोरड्या खोलीसाठी. डी३ अधूनमधून ओल लागणाऱ्या जागेसाठी, डी४ त्याहून वरचा. आपल्याकडे डब्यावर 'मरीन' किंवा 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं तो याच जातीचा सुधारलेला भाऊ. न्हाणीघराच्या दाराला तोच घ्या. पण सतत पाण्यात बुडणाऱ्या वस्तूला तोही नको.

पांढऱ्या गोंदाची एक कमजोरी फारसं कुणी सांगत नाही. तो सुकल्यावरही किंचित लवचीक राहतो, म्हणून कायम ताणाखाली असलेल्या सांध्यात वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. वाकवून चिकटवलेली पट्टी, पुस्तकांनी लादलेल्या कपाटाची फळी, अशा ठिकाणी हे दिसतं.

नळीतला झटपट गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. हॅरी कूव्हर यांना तो १९४२ मध्ये योगायोगाने सापडला. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने तो सेकंदांत घट्ट होतो, पण ठिसूळ असतो. सरळ ओढ सहन करतो, धक्का आणि पीळ सहन करत नाही. दोरीला झटका बसला की नंदीच्या पायाला नेमकं हेच दोन्ही बसतात. चिरलेली कड किंवा उडालेली छोटी ढलपी बसवायला तो उत्तम. आणि एक इशारा: हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर अंगावर फोड येईल इतकी उष्णता निघते. मुलांच्या जवळपास ठेवू नका.

---

वैनगंगा

मी गोंदियाकडचा, म्हणून डिंकाचं मी सांगतो. आमच्या गावाचं नावच गोंदावरून पडलं असं जुने लोक सांगतात.

डिंक लाकडाला चालत नाही भाऊ. बाभळीचा असो की धावड्याचा, पाण्यात विरघळतो आणि सुकला की तडकतो. कागदाला, पाकिटाला ठीक. धावड्याचा तर लाडवात घाला, तिथेच त्याची खरी जागा. पण लाख वेगळी. पळस आणि कुसुमाच्या झाडावरची लाख आमच्याकडे वडिलोपार्जित वापरात आहे. विळ्याची किंवा सुरीची मूठ सैल झाली की बाबा मुठीच्या भोकात लाखेचे तुकडे कोंबायचे. विळ्याचं शेपूट चुलीत तापवून सरळ आत दाबायचे. लाख चर्रर्र करत वितळायची, कडेने तांबडा थेंब बाहेर यायचा, तो ओल्या फडक्याने पुसायचा. पाच मिनिटांत मूठ पक्की. पुन्हा सैल झाली तर पुन्हा तापवायचं, बस. फक्त विळा उन्हात टिनाच्या पत्र्यावर टाकून ठेवायचा नाही, असं बाबा बजावायचे.

धातू आणि लाकूड जोडायला लाख चांगली. लाकडाला लाकूड जोडायला मी कधी कुणाला लावताना पाह्यलं नाही.

---

धरमपेठची_मावशी

धागा फार उपयोगाचा. माझे दोन प्रश्न.

पहिला: सरस हाडं आणि कातड्यापासून करतात ना? सासूबाई असताना आमच्या देव्हाऱ्याला सरस लावू द्यायच्या नाहीत. देव्हारा सागाचा आहे, कळसाजवळची कोरलेली पट्टी सुटली आहे. सरस नको असेल तर जुन्या पद्धतीचं दुसरं काही आहे का?

दुसरा: स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या कपाटाची सनमाइका दर मे महिन्यात कडेने उठते. मिस्त्री येऊन पिवळा गोंद लावून जातो, पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच.

---

प्रयोगवही

@धरमपेठची_मावशी, हो, सरस म्हणजे कातडी, हाडं, स्नायुबंध उकळून काढलेलं प्रथिन. इजिप्तच्या थडग्यांतल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी सामानातही असाच गोंद आहे.

शाकाहारी घरासाठी जुना पर्याय म्हणजे दुधाचा गोंद. साय पूर्ण काढलेलं दूध कोमट करून लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडा, चोथा फडक्यात घेऊन तीन-चार पाण्यांनी धुवा आणि दाबून पाणी काढा. लोणी राहिलं तर गोंद धरत नाही. या चोथ्यात पानठेल्यावरचा खायचा चुना थोडा थोडा घालून घोटा. आधी दाणेदार दिसतं, मग दहा-पंधरा मिनिटांत एकदम गुळगुळीत, तारेसारखं चिकट होतं. मी हे दरवर्षी अकरावीच्या वर्गात करून दाखवतो. ते चिकट होतं त्या क्षणी पोरं वाकून बघतात. गोंद काही तासांतच वापरावा लागतो, उद्यासाठी ठेवता येत नाही. सुकला की पुन्हा पाण्यात सहज विरघळत नाही, हा त्याचा सरसापेक्षा फायदा. चुना हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर चुन्यामुळे काळपट डाग पडतो, म्हणून आधी मागच्या बाजूला थेंब लावून बघा.

पहिल्या महायुद्धातली अनेक विमानं याच गोंदाने जोडली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या लाकडी विमानातही सुरुवातीला हाच होता, पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड हा कृत्रिम गोंद आला. १९४४ मध्ये भारतात असलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत निकामी झाले आणि ती विमानं काही काळ उडवणं बंद करावं लागलं. चौकशीत दोन गोष्टींकडे बोट दाखवलं गेलं: प्लायच्या पत्र्याखाली शिरलेलं पाणी आणि कारखान्यात नीट न बसलेले सांधे. रंधा_पटाशी वर सांगत आहेत तेच. दुधाच्या गोंदाला दमट हवेत बुरशीही लागते, म्हणून तो घरातल्या कोरड्या जागेसाठीच.

---

रंधा_पटाशी

मावशी, देव्हाऱ्याच्या पट्टीला साधा पांढरा गोंदही चालेल, त्यात प्राण्याचं काही नसतं. फक्त साग तेलकट असतो. जुनी बाजू बारीक सॅंडपेपरने घासा, थिनर लावलेल्या फडक्याने पुसा, थिनर उडाला की लगेच गोंद लावा. पुसून दोन दिवस ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

सनमाइकेचं असं आहे. पिवळा गोंद रबराचा. तो दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवायचा, बोटाला लागेनासा झाला की मगच एकदा टेकवायचं, आणि टेकवलं की सरकवता येत नाही. घाईत ओला असताना दाबला की आत थिनर अडकतो. पुढच्या उन्हाळ्यात तो बाहेर पडायला बघतो आणि फुगा येतो. शिवाय रबर उष्णतेने मऊ पडतं आणि तुमची भिंत पश्चिमेची. ती पूर्ण पट्टी काढून, खालची बाजू स्वच्छ करून, पांढरा गोंद लावून चोवीस तास वजनाखाली ठेवायला सांगा. मिस्त्री कुरकुरेल, कारण वेळ जातो. पण ते पुन्हा उठणार नाही.

आणखी एक: स्वयंपाकघरात कूलर आहे का? नागपुरात लाकडाचा सगळ्यात मोठा शत्रू मला कूलर वाटतो. बाहेर मेची कोरडी हवा, आत कूलरसमोर पावसाळ्यासारखी ओल. दिवसा लाकूड फुगतं, कूलर बंद झाला की आकसतं, रोज, दोन महिने. कूलरच्या झोतातली खुर्ची सांध्यातून आवाज करू लागते ती यानेच. ती जागा बदला.

---

महालातला

थेंबाचं काय झालं ते सांगतो.

मागच्या डाव्या पायाच्या बगलेत, धडाला लागून, मधाच्या रंगाचा एक ओघळ होता. इतकी वर्षं तो मला रंगाचा वाटायचा. चमच्याने गरम पाणी टाकलं. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग ओघळाची कड धूसर झाली आणि बोट लावल्यावर बोटाला तार आली. वास घेतला, ओल्या चपलेचा वास. सरसच.

निघालेल्या पायाच्या कुसवावर मात्र तुम्ही म्हणालात तसे तीन थर दिसले. वर पांढरा पापुद्रा, तो कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवल्यावर मऊ होऊन नखाने निघाला. त्याखाली नळीतल्या गोंदाचा कडक टणक थर, भिंगातून बघितला तर काचेत तडे गेल्यासारखा. तो कशाने काढू? आणि एक अडचण: पाय भोकात आता सैल बसतो. हलवला तर टक टक आवाज येतो.

---

प्रयोगवही

नळीतला थर अ‍ॅसिटोनने सुटतो. नखांचा रंग काढायच्या बाटलीत बहुतेक वेळा तेच असतं, बाटलीवर वाचून घ्या. कापसाचा बोळा भिजवून पाच-दहा मिनिटं कुसवावर ठेवा, मग लाकडी काडीने खरवडा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ दिवा-उदबत्ती नको, ते पेट घेतं. धडाच्या रंगावर सांडलं तर रंगही जाईल.

---

तेलंगखेडी_तलाव

मी थोडं वेगळं मत मांडतो. ही मुलांची वस्तू आहे, मुलं ती आपटणारच. सैल भोक, धक्के, ऑगस्टची ओल या सगळ्याला एकच उत्तर म्हणजे दोन नळ्यांचा इपॉक्सी. अ‍ॅराल्डाइट वगैरे. तो आकसत नाही, पोकळी भरून काढतो, पाण्याला दाद देत नाही. माझ्या बागेतला झोपाळा अशाच गोंदाने सहा पावसाळे टिकला आहे. दोन्ही नळ्यांचं प्रमाण डबीवर लिहिलं असेल तेवढंच घ्यायचं, एक वाढवून लवकर सुकत नाही, उलट कायम चिकट राहतो. पाच मिनिटांत सुकणाऱ्यापेक्षा रात्रभर सुकणारा घ्या, तो जास्त मजबूत आणि पाण्याला जास्त टिकाऊ. हातमोजे घाला, काहींना त्याची खाज कायमची मागे लागते.

---

रंधा_पटाशी

@तेलंगखेडी_तलाव, झोपाळ्याला तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पावसात राहणारं लाकूड असेल तर मीही इपॉक्सीच लावतो. एम-सीलही त्याच जातीचा, फक्त मळून लावायचा.

पण या नंदीला मी तो लावणार नाही. साठपासष्ट वर्षांत या पायाला पहिल्यांदा हात लागतो आहे. पुढे पुन्हा लागेल, आज ना उद्या. आज इपॉक्सी भरला तर पुढच्या वेळी पाय भोकातून निघणार नाही, कुसूच तुटेल, आणि मग धडच फोडावं लागेल. सरस लावला तर पुढचा माणूस गरम पाण्याने सांधा सोडवून पुन्हा जोडेल. शिवाय सरसाचा एक गुण दुसऱ्या कुठल्याही गोंदात नाही: जुन्या सरसावर नवा सरस बसतो. भोकाच्या आतला सगळा जुना थर खरवडायची गरज नाही, नवा गरम सरस त्याला वितळवून आपल्यात घेतो. वाद्यं बनवणारे अजून सरस सोडत नाहीत ते उगीच नाही. सतार-तंबोऱ्याची तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) कधीतरी उघडावीच लागते.

सैलपणावर उपाय. भुसा आणि गोंद कालवून भरायचा मोह होईल, तो टाळा. ती लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) झाली, दिसायला भोक भरतं, पण जोर धरत नाही. रंध्याने एखाद्या मऊ लाकडाचा कागदाइतका पातळ छिलका काढा. कुसवाच्या सैल बाजूला सरसाने चिकटवा, सुकू द्या. मग भोकात घालून बघा. हाताच्या दाबाने जावा, ठोकावा लागू नये. जाड झाला तर सॅंडपेपरने उतरवा.

सरस करण्याची पद्धत: सरसाचे सुके दाणे घ्या, ते बुडतील इतकं थंड पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी ते फुगून जेलीसारखे होतात. ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट गॅसवर नाही. साठ अंशांच्या आसपास, म्हणजे पातेल्यातल्या पाण्याला वाफ येते पण बुडबुडे नाहीत. उकळलात तर सरस मेला, त्याची ताकद जाते. काडी उचलल्यावर धार तुटू नये आणि गोळेही पडू नयेत, इतका पातळ ठेवा. कुसू आणि भोक दोन्ही आधी कोमट करा, नाहीतर लावल्या लावल्या त्याची जेली होते. श्रावणात ऊन नाही, केस सुकवायचं यंत्र वापरा. मग लावा, बसवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळा. अशा गोल, वाकड्या वस्तूला शिकंज्यापेक्षा ट्यूब बरी, सगळीकडून सारखा दाब पडतो. एक दिवस हलवू नका. पोरीला दोन दिवस सांगा.

---

धरमपेठची_मावशी

घरात कुठलाच गोंद नसेल तर? आम्ही लहानपणी पाकिटाला भाताचं शीत लावायचो, पतंगाला मैद्याची खळ. लाकडाला असलं काही चालतच नाही का?

---

वैनगंगा

मावशी, खळ म्हटली की मला घोंगडी आठवली. चिंचोक्याची खळ लावून घोंगडी कडक करतात, पावसाचं पाणी त्यावरून ओघळून जातं. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे. लाकडी खेळण्यांवर रंगाच्या आधी हीच खळ चढवत. जोडायला नाही, रंगाला गुळगुळीत बूड म्हणून.

---

प्रयोगवही

शिताचं तुम्ही बोललात ते छान आहे. जपानचे सुतार शिजवलेला भात फळीवर चपट्या पात्याने घोटून घोटून त्याचा गोंद करतात आणि तो लाकडाला लावतात. एकही दाणा शिल्लक राहता कामा नये, नाहीतर सांध्यात खडा राहतो. बारीक, घट्ट बसणाऱ्या कामाला तो पुरतो, पण ओल लागली की सुटतो आणि झुरळांना आवडतो. मैद्याच्या खळीचंही तेच. तात्पुरतं फळीवर कागदी नकाशा चिकटवून कापायचा असेल तर खळ, खुर्चीच्या पायाला नाही.

प्लायचा विषय निघालाच नाही, म्हणून एवढंच: दुकानात 'एमआर' आणि 'मरीन' असा भावातला फरक दिसतो तो बहुतांशी आतल्या गोंदाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकाच्या एमआर प्लायमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड असतो, तो दमटपणा सोसतो, पाणी नाही. आयएस ७१० च्या मरीन प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइड, त्याच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्याची परीक्षा आहे. सिंकखाली कुठला लावायचा हे त्यावरून ठरवा. विक्रेत्याकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्या आणि घरी काही तास उकळा. थर सुटले तर तो मरीन नव्हे, शिक्का काहीही असो.

---

महालातला

सरस इतवारीत एका जुन्या रंगाच्या दुकानात मिळाला. दुकानदारांनी वरच्या फळीवरून पोतं काढलं आणि विचारलं, तबला की बाजा? नंदी म्हटल्यावर त्यांनी पाव किलोऐवजी मूठभरच कागदात बांधून दिला, म्हणाले एवढ्यात चार नंदी होतील.

काल केलं. अ‍ॅसिटोनने कुसू स्वच्छ झाल्यावर खाली लाकडाचा फिकट पिवळा रंग दिसला. १९५८ च्या पटाशीचे तिरपे घाव तसेच होते. ते सुताराने मुद्दाम खरबरीत ठेवले असावेत का?

छिलका पहिल्यांदा जाड झाला, पाय अर्ध्यातच अडकला. कागदाने उतरवून तिसऱ्यांदा बसला. सरस लावून दाबला तेव्हा भोकाच्या कडेने बारीक सोनेरी रेघ आली, ती कोमट फडक्याने पुसली. वडील शेजारी खुर्चीवर बसून होते. वास आला तसं म्हणाले, हा सुताराच्या पडवीतला वास. मग सायकलच्या ट्यूबचे सात वेढे. आत्ता तो पंख्याखाली उभा आहे आणि पुतणी दर तासाला येऊन विचारते आहे.

---

रंधा_पटाशी

पटाशीचे घाव मुद्दाम नसावेत. भोकात जाणारा भाग कुणी गुळगुळीत करत बसत नाही. पण त्याने नुकसानही नाही, लाकूड ताजं कापलेलं असणं महत्त्वाचं.

एक काम करा. चाकांच्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: उजवा पुढचा पाय, सरस, आणि वर्ष. शाई नको, ती ओलीत पसरते. जो कुणी पुढे हा नंदी उघडेल त्याला गरम पाण्याच्या थेंबापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि पोळ्याला पाऊस आला तर नंदीवर प्लास्टिक टाका. रंग आहे तिथे काळजी नाही, पण नव्या सांध्याच्या कडेला रंग उडालेला असेल. सुकल्यावर तिथे रंगाचा एक हात द्या.

---

महालातला

तान्हा पोळा झाला. आमच्या महाल भागातून निघून गल्लीतली अकरा घरं, मग मंदिरापर्यंत आणि परत. दोनदा पायरीवरून खाली आपटला. पाय घट्ट आहे, टक टक नाही. मागच्या डाव्या चाकाचा खिळा मात्र सैल झाला, पण तो लोखंडाचा प्रश्न आहे, तुमच्याकडे आणत नाही.

फळीखाली लिहिलं. पेन्सिलीने.

---

सदर_कॅन्टोन्मेंट

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे सहा खुर्च्यांचा जेवणाचा संच आहे, बल्लारशाच्या सागाचा, सासऱ्यांनी घेतलेला. तीन खुर्च्यांच्या पाठी डुगडुगतात. मिस्त्री म्हणतो सगळ्यांना स्क्रू मारू. कुठला गोंद लावू?

---

रंधा_पटाशी

स्क्रू थांबवा. एका खुर्चीचा सुटलेला सांधा शक्य तेवढा उघडा, त्याचा जवळून फोटो टाका, आणि बाहेर आलेल्या जुन्या गोंदावर गरम पाण्याचा थेंब टाकून काय होतं ते लिहा.